गल्ला किती आणि हाती किती?
(गटांच्या मेळाव्यात ई-रिक्षा चालवणाऱ्या एका सभासद ताईंनी केलेले भाषण)



मला सांगण्यात आलं होतं की गाडी चालवणाऱ्या बाईचा अनुभव सांगा, बायांना हुरूप येईल. हुरूप येऊ द्या, चांगलंच आहे. पण जेवणाच्या सुट्टीत चार-पाच जणींनी मला गाठलं आणि सगळ्यांनी एकच विचारलं, "ताई, दिवसाले किती भेटते वो?" त्यातल्या दोघींचे कर्जाचे अर्ज ग्रामसंघात पोचलेही आहेत. म्हणून मी आज अनुभवापेक्षा हिशेबच जास्त सांगणार आहे. कंटाळा आला तरी ऐका.

"दिवसाले किती भेटते" याचं उत्तर म्हणजे गल्ला. संध्याकाळी पिशवीतले आणि फोनवर आलेले पैसे मोजले की जो आकडा येतो तो. आपण दूध विकतो तेव्हा ढेप, कुटार, डॉक्टर वजा केल्याशिवाय कमाई म्हणत नाही. पापडाच्या गटात उडदाची डाळ वजा करतो. गाडीचं मात्र असं होतं की पैसे रोज हातात खुळखुळतात आणि खर्च महिन्यानं, वर्षानं येतो. त्यामुळे बाईला वाटतं कमाई झाली. माझ्या शेजारच्या नाक्यावरची एक ताई म्हणायची, "पैसे तं रोज दिसते, पन उरत काहून नाही, हेच समजत नाही."

तर आपण एक महिना मांडून पाहू. हे आकडे समजा म्हणून धरायचे, तुमच्या गाडीचे, तुमच्या गावचे वेगळे येतील. पिंक ई-रिक्षा योजना तुम्ही ऐकली असेल. महिला व बालविकास विभागाची ती योजना २०२४ साली आली. गाडीच्या किमतीत २० टक्के राज्य सरकारचं अनुदान, १० टक्के आपले, आणि ७० टक्के बँकेचं कर्ज, ते ५ वर्षांत फेडायचं. आठ जिल्हे घेतले त्यात अमरावती आहे, अकोला नाही. अकोल्याच्या ताईंनी आत्ताच तोंड पाडू नका, तुमच्यासाठीचं पुढं सांगते.

समजा गाडी साडेतीन लाखांची. ३५ हजार आपण भरले, ७० हजार अनुदान, राहिले २ लाख ४५ हजार. १० टक्के व्याज धरलं तर महिन्याचा हप्ता साधारण ५,२०० रुपये. विमा वर्षाचा १२ हजार धरा, म्हणजे महिन्याला १,०००. आता बाई अर्धवेळ चालवते. सकाळी घरचं, मुलांच्या शाळा, सासूचं औषधपाणी उरकून ११ वाजता निघते आणि ४ वाजता परत. पाच तास. महिन्यातले २२ दिवस. रोजचा गल्ला ५०० रुपये, महिन्याचे झाले ११ हजार. ऐकायला बरं वाटते ना?

आता वजा करा. हप्ता ५,२००. विमा १,०००. चार्जिंग रोजचे ८० धरले तर १,७६०. टायर, ब्रेक, आणि पुढं बॅटरी बदलायची आहे तिच्यासाठी बाजूला ठेवायचे, असे १,५००. मोबाईलचा रिचार्ज, चहा, कुठं गाडी ठेवायचे पाच-दहा रुपये, असे ५४० धरा. झाले बरोबर १० हजार. हाती राहिले १,०००. तास किती झाले? २२ गुणिले ५, म्हणजे ११०. ताशी ९ रुपये.

हसू नका. हा हिशेब मी एका ताईंना करून दाखवला तर त्या म्हणाल्या, "मंग तं निंदणाले गेलेली काय वाईट?" बरोबर होतं त्यांचं. निंदणाला, वेचणीला ताशी ९ रुपयांत कोणी बोलावत नाही.

आता तीच गाडी एखादी बाई पूर्णवेळ चालवते. नऊ तास, २६ दिवस, गल्ला रोजचा ९००. महिन्याचे २३,४००. चार्जिंग, टायरचा खर्च वाढला तरी हप्ता तेवढाच, ५,२००. विमा तेवढाच. चार्जिंगचे २,८६०, दुरुस्ती-बॅटरीचे २,५००, किरकोळ ८४०. खर्च १२,४००, हाती ११ हजार, तास २३४. ताशी ४७ रुपये. गाडी तीच, रस्ता तोच, सवारीही तीच. फरक एवढाच की आपण अर्धा दिवस चालवली म्हणून बँक अर्धा हप्ता घेत नाही.

अर्धवेळ गाडी चालवायची म्हणणाऱ्या प्रत्येकीनं हे आधी पाहिलं पाहिजे. आणि आपल्यातल्या बहुतेकींना अर्धवेळच जमणार आहे, हेही खरं. सोयाबीनची सोंगणी आली, कापूस वेचायला आला की आपण वावरात. नवरात्रात अंबादेवीला गर्दी असते, तेव्हा अमरावतीत गाडीला खरा धंदा असतो, आणि नेमकं त्याच दिवसांत सोयाबीन घरी आणायचं असतं. अकोल्यात श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामच्या पूर्णेचं पाणी घेऊन कावडी राजराजेश्वराला येतात. गर्दी म्हणावी तर लाखाची, पण रस्ते बंद, गाडी घरी. म्हणजे वर्षाचे सगळे दिवस एका मापानं मोजता येत नाहीत. २२ दिवस मी धरले, एखादीचे १५ होतील.

मग अर्धवेळ चालवायचीच नाही काय? चालवायची. पण हप्ता दोघींत वाटून.

अकोल्याच्या ताई, आता ऐका. केंद्र सरकारनं २०१७ साली आजीविका ग्रामीण एक्सप्रेस नावाची योजना काढली होती, आपल्या उमेदच्या राष्ट्रीय अभियानातलीच. त्यात गाडी गटाच्या बाईनं चालवायची, पण पैसा संघाच्या निधीतून, साडेसहा लाखांपर्यंत बिनव्याजी. आणि त्यात एक वाट अशी होती की गाडीची मालकी संघाचीच राहते आणि बाई ती भाड्यानं घेऊन चालवते. ही वाट मला आपल्यासाठी जास्त सोयीची वाटते. ती योजना तुमच्या तालुक्यात आज लागू आहे की नाही हे तालुका अभियान कक्षात विचारा. नसली तरी ग्रामसंघाला किंवा प्रभागसंघाला आपल्या निधीतून तसं करायला काय हरकत आहे?

समजा संघानं गाडी घेतली. अनुदान नाही, म्हणून हप्ता ६,५०० धरू. सकाळी सहा ते अकरा एक जण चालवते, दुपारी तीन ते रात्री आठ दुसरी. मधले चार तास गाडी चार्जिंगला. दोघींचा मिळून गल्ला २२ हजार. हप्ता ६,५००, विमा १,०००, चार्जिंग ३,०८०, दुरुस्ती-बॅटरी २,५००, किरकोळ १,०८०. उरले ७,८४०, म्हणजे एकीला ३,९२०. ताशी ३५ रुपयांच्या थोडं वर. फार नाही, मी सोन्याचा भाव सांगत नाही. पण ९ पेक्षा बरे, आणि पाच तासांत घरी परत. एकीच्या घरी लग्न निघालं तर दुसरी जास्त चालवते आणि हप्ता अंगावर येत नाही. यात भांडण होते ते चार्जिंगवरून आणि ओरखड्यावरून. "माझ्या वेळी नव्हता हा." म्हणून गाडी देताना-घेताना मोबाईलवर चारही बाजूंचे फोटो काढायचे, बॅटरी किती टक्के ते लिहायचं. पिंक योजनेतल्या गाडीला मात्र हे लागू होत नाही, ती ज्या बाईच्या नावानं आहे तिनंच चालवायची आहे. आणि ती बाईनंच चालवायची, नवऱ्यानं नाही. नाव बाईचं आणि हातात हँडल घरधन्याचं असं ठरवून कोणी अर्ज करत असेल तर आत्ताच काढून घ्या.

चार्जिंगचं थोडं सविस्तर सांगते, कारण विकणारा "विजेवर चालते, खर्चच नाही" असं म्हणतो. घरच्या मीटरवर चार्जिंग लावलं की युनिट वाढतात. महावितरणचं घरगुती बिल १०० युनिटपर्यंत एका दरानं आणि १०० च्या वर चढ्या दरानं असते. आपली घरं पंखा-टीव्हीवर १०० च्या आसपास राहतात. गाडी लावली की तिचे सगळे युनिट चढ्या दरात पडतात. म्हणून पहिल्या दोन महिन्यांचं बिल आधीच्या बिलाशेजारी ठेवून फरक काढा, तोच तुमचा चार्जिंगचा खरा खर्च. बॅटरी शिशाची असेल तर साधारण वर्ष-दोन वर्षांत थकते. लिथियमची जास्त टिकते पण महाग. कोणती आहे ते गाडी घेतानाच विचारायचं, आणि वॉरंटी तोंडी नाही, कागदावर.

आणि आपल्याकडचा उन्हाळा. अकोला-अमरावतीत मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. बारा ते चार रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, सवारी कुठून दिसणार? ११ ते ४ चालवणारी बाई एप्रिल-मेमध्ये सावलीत उभी राहून मीटरचे हप्ते मोजते. ज्यांना दुपारचेच तास मोकळे आहेत त्यांनी हे दोन महिने वजा करून दहा महिन्यांच्या कमाईवर बारा महिन्यांचा हप्ता बसतो काय ते पाहावं.

दुसरी गोष्ट, सवारी कुठली धरायची. गावाहून शहरात सवारी आणू म्हणणाऱ्या ताईंना दोन गोष्टी सांगते. एक, ई-रिक्षा कायद्यानंच ताशी २५ किलोमीटरच्या वर जात नाही, आणि बसवायची माणसं चार. नांदगाव पेठेहून किंवा बोरगाव मंजूहून मोठ्या रस्त्यानं ती चालवणं म्हणजे ट्रकसमोर बैलगाडी. लोणी ते माना ७५ किलोमीटर रस्ता २०२२ साली १०५ तासांत केला म्हणून जगात नाव झालं, चांगली गोष्ट आहे, पण तो रस्ता आपल्या तीन चाकांसाठी नाही. दोन, १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे. आपणच एसटीनं अर्ध्या तिकिटात आलो ना आज? मग आपल्यासारखीच बाई काळीपिवळीत पूर्ण पैसे देऊन काहून बसेल? एसटीशी स्पर्धा करायची नाही. एसटी जिथं सोडते तिथून पुढं आपलं काम सुरू होते. अमरावतीत स्टँडवरून इर्विन, डफरीन. अकोल्यात स्टँडवरून सर्वोपचार. सोबत म्हातारी आहे, हातात पिशवी आहे, कडेवर लेकरू आहे, अशी सवारी बाईची गाडी पाहून थांबते. "माय, तुह्याच गाडीत बसतो," असं म्हणत डफरीनच्या दारात मला ज्या म्हाताऱ्या भेटल्या, त्यांनीच माझं बस्तान बसवलं.

माझ्या मते अर्धवेळवालीनं नाक्यावर रांगेत उभं राहण्यापेक्षा बांध्या सवाऱ्या शोधाव्या. रोज बँकेत जाणारी बाई, हॉस्टेलवरून क्लासला जाणाऱ्या मुली, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जाणारा पेशंट, पहाटे भाजी बाजारात जाणाऱ्या तिघी-चौघी. महिन्याचे पैसे ठरवून घ्यायचे, ५ तारखेच्या आत. अशा महिन्याच्या सवाऱ्यांतून नुसता हप्ता निघाला तरी बाकीचा गल्ला मोकळा राहतो. शाळेच्या लहान मुलांचं मात्र असं हातानं ठरवू नका, त्या वाहतुकीचे नियम वेगळे आहेत, आधी आरटीओत विचारा.

आता मोबाईलवरच्या अॅपचं. पोरं सांगतात, "आई, अॅप लाव, घरी बसून भाडं येते." अॅप वाईट नाही, पण पुण्या-मुंबईत जसं लागोपाठ वाजते तसं आपल्या गावांत वाजत नाही. बडनेऱ्याला गाडी यायच्या वेळी वाजते, रात्री वाजते, पाऊस आला की वाजते. म्हणजे नेमकं तेव्हाच, जेव्हा अर्धवेळवाली घरी स्वयंपाकाला असते. आणि अॅपमध्ये जो आकडा दिसतो तो पुन्हा गल्लाच. समजा ४ किलोमीटरचं भाडं ८० रुपये. सवारीपर्यंत जायला २ किलोमीटर रिकामी, सोडून परत नाक्यावर ३ किलोमीटर रिकामी. चालली ९ किलोमीटर. कंपनीनं २० टक्के कापले तर राहिले ६४. किलोमीटरला ७ रुपये. काही कंपन्या टक्के कापत नाहीत, रोजची ठरलेली फी घेतात. नऊ तास चालवणाऱ्याला ती परवडते. चार तास चालवणाऱ्या बाईला तीच फी दुपटीनं महाग पडते. हीही हप्त्याचीच बहीण.

तरी अॅप लावायचं असेल तर आपला हक्क माहीत असू द्या. केंद्राच्या जुलै २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे की गाडी चालकाची स्वतःची असेल तर भाड्यातला किमान ८० टक्के वाटा त्याला मिळाला पाहिजे, कंपनीनं ५ लाखांचा आरोग्य विमा आणि १० लाखांचा मुदत विमा काढला पाहिजे. सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, तिच्यात अशा अॅपवर काम करणाऱ्यांचं नाव पहिल्यांदा कायद्यात आलं आणि कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के निधीत टाकायचे असं ठरलं. त्याचा लाभ मिळायचा तर नोंद पाहिजे. ई-श्रम कार्ड आपण शेतमजूर म्हणून काढलेलं असते, अॅपवर काम सुरू केलं की त्यात तसं नोंदवून घ्या.

तरुण मुली विचारतात, घरची स्कूटी बाईक टॅक्सीला लावू काय? नाही. राज्यानं २०२५ साली बाईक टॅक्सीला परवानगी दिली ती फक्त विजेवरच्या दुचाकीला, आणि एक लाखाच्या वर वस्ती असलेल्या शहरांत. पेट्रोलची पांढऱ्या पाटीची स्कूटी भाड्यानं चालवली तर दंड तर होतोच, पण अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. दंडापेक्षा ते भारी पडते. ई-रिक्षालाही परमिट लागत नाही म्हणून काहीच लागत नाही असं नाही. लायसन्स लागते, त्याआधी किमान १० दिवसांचं प्रशिक्षण लागते, आणि ते लायसन्स ३ वर्षांचंच असते, नूतनीकरणाची तारीख गटाच्या वहीत लिहून ठेवा. गाडीच्या विम्यात मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात संरक्षण आहे काय, हे पाहून घ्या. २० रुपयांचा पंतप्रधान सुरक्षा विमा तर बहुतेकींच्या खात्यातून जातोच.

आणखी एक गोष्ट, जी पुरुष चालकांच्या सभेत कधी निघत नाही. पाच तास रस्त्यावर असलेल्या बाईनं लघवीला जायचं कुठं? सुरुवातीला बाया काय करतात, पाणीच पीत नाहीत. ४४ डिग्रीत पाणी न पिता गाडी. मग लघवीची जळजळ, ताप, डॉक्टरचे ५०० रुपये, म्हणजे एक दिवसाचा गल्ला. दवाखान्याचं, स्टँडचं, ओळखीच्या दुकानाचं स्वच्छतागृह, असे तीन ठिकाण आधी ठरवा आणि मग रस्ता ठरवा. मी माझा नाका त्यावरूनच निवडला. पाळीच्या दिवसांत दोन सुट्ट्या धरा, २२ दिवसांत त्या आधीच आहेत.

नाक्यावरचे भाऊ त्रास देतात काय, हे तुम्ही विचारणारच होता. पहिल्या महिन्यात देतात. रांगेत मागं लोटतात, सवारी हातानं ओढतात, एखादा वाईटसाईट बोलतो. एकटीनं त्या नाक्यावर जायचंच नाही, दोघी-तिघींनी सोबत सुरू करायचं. परभणीच्या शीला डावरे १९८८ साली पुण्यात ऑटो चालवू लागल्या तेव्हा त्या एकट्या होत्या. आपल्यावर ती वेळ नाही. रांगेचा नियम आपणही पाळायचा, म्हणजे बोलायला तोंड राहते. रात्रीच्या भाड्याबद्दल माझं स्पष्ट मत आहे, ज्या बाईला घरून न्यायला-आणायला कोणी नाही तिनं आठनंतर गाडी काढू नये, अॅप कितीही जास्त पैसे दाखवो. ज्या काढतात त्या घरी फोनवर आपलं ठिकाण चालू ठेवतात.

आता अर्ज केलेल्या ताईंसाठी आणि कर्ज समितीसाठी शेवटचं. माझी सूचना आहे, ठराव म्हणून लिहून घ्या. गाडीच्या कर्जाचा अर्ज आला की लगेच मंजूर करू नका आणि लगेच नाकारूही नका. लायसन्स काढून त्या ताईला एक महिना भाड्याची गाडी चालवू द्या, अमरावतीत, अकोल्यात रोजानं गाडी मिळते. वहीत रोज पाच रकाने भरायचे, निघाली किती वाजता, परतली किती वाजता, किलोमीटर किती, गल्ला किती, खर्च किती. लिहिता येत नसेल तर मुलीकडून लिहून घ्या. महिन्यानं ती वही समितीसमोर ठेवा. भाडं देऊनही ताशी ३० च्या वर उरत असेल तर डोळे मिटून कर्ज द्या. नसेल उरत तर जोडीदारीण शोधायला सांगा, किंवा बांध्या सवाऱ्या चार वाढवून पुन्हा एक महिना पाहू द्या. वहीचा नमुना मी करून आणला आहे, बाहेर नोंदणीच्या टेबलावर ठेवला आहे. जाताना एकेक घेऊन जा, झेरॉक्सचे दोन रुपये तिथं डब्यात टाका.